खात्यावरील स्टेकिंगची माहिती ब्लॉकचेनवरून कशी मिळवावी : पत्त्यापासून ३१ मार्चच्या तक्त्यापर्यंत

आर्थिक वर्ष संपले की नौपाड्यातील किंवा वाशीतील सनदी लेखापाल क्रिप्टो बाळगणाऱ्या अशिलाला साधा वाटणारा एक प्रश्न विचारतात : ३१ मार्च रोजी तुमचे स्टेकमध्ये किती होते आणि वर्षभरात त्यावर मोबदला किती मिळाला? (स्टेक म्हणजे ब्लॉकचेन या सार्वजनिक व्यवहार-नोंदवहीचे काम चालवण्यामागे लावलेले आपले क्रिप्टो चलन; त्याबद्दल मोबदला मिळतो.) अशील वॉलेटचे ॲप उघडतो, पडद्यावर दिसणारा आकडा वाचून दाखवतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. तो आकडा त्या क्षणाचा असतो, ३१ मार्चचा नसतो. त्यात मूळ रक्कम, न काढलेला मोबदला आणि सोडवणुकीच्या वाटेवर असलेली (स्टेकमधून काढायला टाकलेली, पण अजून मोकळी न झालेली) रक्कम वेगवेगळी दाखवलेली असेलच असे नाही. शिवाय रुपयांतील किंमत ॲपने आजच्या दराने लावलेली असते.

म्हणून ब्लॉकचेनकडे माहिती मागताना तीन गोष्टी आधीच निश्चित कराव्यात : रक्कम कोणत्या क्षणाची हवी आहे, ती कोणत्या अवस्थेतील हवी आहे आणि उत्तर कोणत्या एककात येणार आहे. कोणते संकेतस्थळ वापरावे, हा प्रश्न त्यानंतरचा. या तीन गोष्टी पक्क्या असतील, तर सार्वजनिक एक्सप्लोररवरूनही, म्हणजे ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावरूनही, नेमके उत्तर मिळते. त्या नसतील, तर स्वतःचा नोड (ब्लॉकचेनची प्रत राखणारा संगणक) चालवूनही हाती चुकीचा आकडाच येतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्टेकिंगची माहिती वाचण्यासाठी केवळ सार्वजनिक पत्ता पुरतो. वॉलेटचे १२, १५ किंवा २४ गुप्त शब्द, खासगी चावी, वॉलेट ‘कनेक्ट’ करणे, एखाद्या व्यवहारावर सही करणे, यांपैकी कशाचीही गरज नसते. स्टेकिंगचा तपशील दाखवण्यासाठी जे संकेतस्थळ किंवा जी व्यक्ती गुप्त शब्द मागते, तिचा हेतू तपशील दाखवण्याचा नाही, असे निःशंकपणे समजावे. असे शब्द कोणाला दिले गेले असतील आणि रक्कम हलली असेल, तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. मात्र पत्ता सार्वजनिक असला तरी स्वतःचे सगळे पत्ते एकाच बैठकीत एकाच संकेतस्थळावर शोधल्यास ते एकाच व्यक्तीचे असल्याचा माग त्या संकेतस्थळाकडे राहतो. ज्यांना हे खटकते त्यांनी स्वतःचा नोड वापरावा. बाकीच्यांनी निदान ही गोष्ट ठाऊक ठेवावी.

स्टेक नेमका कोणाच्या नावावर आहे

विनंती पाठवण्यापूर्वी ही पायरी टाळू नये, कारण अनेकांचा स्टेक त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर नसतोच. एखाद्या एक्सचेंजच्या ‘अर्न’ किंवा ‘स्टेकिंग’ योजनेत रक्कम ठेवलेली असेल, तर ब्लॉकचेनवर दिसतो तो एक्सचेंजचा पत्ता आणि एक्सचेंजचा एकत्रित स्टेक. आपला त्यातील वाटा केवळ एक्सचेंजच्या अंतर्गत हिशेबात असतो. अशा वेळी एक्सप्लोररवर शोधण्यात वेळ घालवू नये. एक्सचेंजकडून वर्षभराचे विवरण उतरवून घ्यावे आणि ते ब्लॉकचेनची नोंद म्हणून नव्हे, तर एक्सचेंजचे कथन म्हणून फाइलला लावावे.

दुसरा प्रकार लिक्विड स्टेकिंगचा. लिडोसारख्या व्यवस्थेत इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचे चलन) दिल्यावर त्याबदल्यात टोकन मिळते आणि वॉलेटमध्ये तेच दिसते. व्हॅलिडेटरच्या (स्टेकच्या बळावर व्यवहार तपासून नवे ब्लॉक जोडणाऱ्याच्या) नोंदीत आपले नाव वा पत्ता कोठेही नसतो. पाहायची असते ती टोकनची शिल्लक. त्यातही एसटीईटीएच या टोकनची शिल्लक मोबदल्यानुसार आपोआप बदलत राहते, तर त्याच्याच गुंडाळलेल्या रूपात, म्हणजे डब्ल्यूएसटीईटीएचमध्ये, टोकनांची संख्या स्थिर राहून प्रत्येक टोकनमागील इथर वाढत जाते. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची संख्या वजा करून मोबदला काढण्याची रीत पहिल्याला चालते आणि दुसऱ्याला चालत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे आपल्याच चावीने केलेले डेलिगेशन (आपला स्टेक दुसऱ्याच्या व्हॅलिडेटरमागे लावणे) किंवा आपलाच व्हॅलिडेटर. पुढील सर्व विवेचन या प्रकाराविषयी आहे.

कार्डानो : एक स्टेक पत्ता, एक विनंती

शिकण्यासाठी कार्डानो या ब्लॉकचेनपासून (चलन : एडा) सुरुवात करणे सोयीचे जाते, कारण येथे स्टेकिंगसाठी वेगळा पत्ताच असतो. वॉलेटमधून पैसे स्वीकारण्यासाठी जे पत्ते मिळतात ते अनेक असतात आणि बदलत राहतात. पण एका खात्याच्या त्या सर्व पत्त्यांमागे स्टेकची चावी एकच असते. त्या चावीचा पत्ता मुख्य जाळ्यावर ‘स्टेक’ या अक्षरांनी आणि त्यामागोमाग १ या अंकाने सुरू होतो. वॉलेटच्या सेटिंगमध्ये किंवा डेलिगेशनच्या पानावर तो दिलेला असतो. तेथे न सापडल्यास पैसे स्वीकारण्याचा कोणताही एक पत्ता कार्डानोस्कॅन किंवा सीएक्सप्लोरर या एक्सप्लोररच्या शोधपेटीत टाकावा. उघडणाऱ्या पानावर त्याच्याशी जोडलेला स्टेक पत्ता दाखवलेला असतो. ज्यांनी एकाच गुप्त शब्दसंचातून दोन-तीन खाती उघडली आहेत, त्यांनी प्रत्येक खात्याचा स्टेक पत्ता स्वतंत्र असतो हे विसरू नये.

एक्सप्लोररचे पान नजर टाकण्यास पुरेसे असते, परंतु हिशेबासाठी कच्चे उत्तर हवे. त्यासाठी कोइओस ही कार्डानो-समुदायाने चालवलेली एपीआय सेवा (प्रोग्रामद्वारे थेट माहिती मागण्याची सोय) उपयोगी पडते. मर्यादित वापरासाठी तिला नोंदणीची वा किल्लीची गरज नसते. ब्लॉकफ्रॉस्ट ही दुसरी सेवा नोंदणीनंतर मिळणारी प्रकल्प-किल्ली मागते. कोइओसच्या दस्तऐवजात ‘स्टेक अकाउंट’ असा विभाग आहे आणि त्यात ‘अकाउंट इन्फो’ या नावाची विनंती आहे. ती पोस्ट पद्धतीची असून तिच्यासोबत स्टेक पत्त्यांची यादी पाठवायची असते. म्हणजे घरातील दोघांचे पत्ते असतील तर एकाच विनंतीत दोन्हींचे उत्तर मिळते.

उत्तर जेसॉनच्या स्वरूपात, म्हणजे रकान्याचे नाव आणि त्यासमोर त्याचे मूल्य असे, येते. त्यातील रकाने कसे वाचायचे हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, कळव्यातील एका शिक्षिकेच्या खात्याचे उत्तर असे आले : ‘स्टेटस’ समोर ‘रजिस्टर्ड’, ‘टोटल बॅलन्स’ समोर ५२४०३१८७७२, ‘यूटीएक्सओ’ (खर्चासाठी उपलब्ध रक्कम) समोर ५०४३१२०४००, ‘रिवॉर्ड्स’ समोर ३४७०६०३८७, ‘विथड्रॉवल्स’ समोर १४९८६२०१५ आणि ‘रिवॉर्ड्स अव्हेलेबल’ समोर १९७१९८३७२. हे आकडे एडामध्ये नसून लव्हलेसमध्ये आहेत आणि १ एडा म्हणजे १०,००,००० लव्हलेस. म्हणून दशांशचिन्ह सहा घरे डावीकडे न्यावे. खात्यातील एकूण रक्कम झाली ५,२४०.३१८७७२ एडा.

यानंतर दोन ताळे पाहावेत. आजवर मिळालेल्या एकूण मोबदल्यातून काढून घेतलेला मोबदला वजा केल्यास उरलेला मोबदला यायला हवा : ३४७.०६०३८७ वजा १४९.८६२०१५ बरोबर १९७.१९८३७२. तो जुळतो. दुसरा ताळा असा, की खर्चासाठी उपलब्ध असलेली रक्कम आणि उरलेला मोबदला यांची बेरीज एकूण रकमेइतकी असावी : ५,०४३.१२०४ अधिक १९७.१९८३७२ बरोबर ५,२४०.३१८७७२. तोही जुळतो. एकूण रकमेत उरलेला मोबदला आधीच धरलेला असल्यामुळे तो पुन्हा मिळवू नये. तक्त्यात रक्कम फुगण्याचे हे फार सहज घडणारे कारण आहे. स्टेक पत्ता नोंदवताना ठेवलेले २ एडा मात्र ‘डिपॉझिट’ या वेगळ्या रकान्यात असतात आणि नोंदणी रद्द केल्यावर परत मिळतात.

‘डेलिगेटेड पूल’ या रकान्यात, ज्या पूलमागे (कार्डानोवरील व्हॅलिडेटरमागे) स्टेक लावला आहे, त्याचा ओळखक्रमांक येतो. ‘डेलिगेटेड डीरेप’ (आपल्या वतीने मत देणारा प्रतिनिधी) हा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो, पण तो रिकामा असेल तर थांबून विचार करावा. २९ जानेवारी २०२५ रोजी लागू झालेल्या प्लोमिन हार्ड फोर्कपासून (जाळ्याच्या नियमांतील बदलापासून), आपले मताधिकार कोणा प्रतिनिधीकडे सोपवल्याखेरीज किंवा ‘तटस्थ’ अथवा ‘अविश्वास’ हा पूर्वनिश्चित पर्याय निवडल्याखेरीज साठलेला मोबदला काढता येत नाही. मोबदला जमा होत राहतो, फक्त काढता येत नाही. ‘रिवॉर्ड्स अव्हेलेबल’ मोठा दिसतो आणि वॉलेट मात्र तो काढू देत नाही, अशी अडचण आल्यास सर्वप्रथम हा रकाना पाहावा.

कार्डानोवर डेलिगेट केलेली रक्कम कुलूपबंद होत नाही आणि व्हॅलिडेटरच्या चुकीपोटी कापलीही जात नाही. त्यामुळे सोडवणुकीच्या वाटेवरील रक्कम असा प्रकारच येथे नाही, आणि अवस्थांचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. क्षणाचा प्रश्न मात्र सोपा होत नाही.

३१ मार्च आणि इपॉकची पहाट

कार्डानोचा काळ पाच-पाच दिवसांच्या इपॉकमध्ये विभागलेला आहे. प्रत्येक इपॉक यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) रात्री ९ वाजून ४४ मिनिटे ५१ सेकंदांनी बदलतो. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने आपल्याकडे तो क्षण पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ५१ सेकंदांना येतो. घोडबंदर मार्गावरील गुंतवणूकदाराला सकाळी उठल्यावर मोबदला आलेला दिसतो तो यामुळेच. एक्सप्लोररवर तारीख यूटीसीतील असेल तर ती आदल्या दिवसाची दिसते आणि आर्थिक वर्षाच्या सीमेवर हा एका दिवसाचा फरक महत्त्वाचा ठरतो. भारतातील ३१ मार्च संपतानाची मध्यरात्र म्हणजे यूटीसीनुसार ३१ मार्चचे सायंकाळचे ६ वाजून ३० मिनिटे. संगणकीय सेकंदगणनेत मागायचे असल्यास ३१ मार्च २०२५ रोजी संपलेल्या वर्षासाठी हा क्षण १७४३४४५८०० असा लिहिला जातो.

मोबदल्याचा प्रवासही समजून घ्यायला हवा. एखाद्या इपॉकमध्ये डेलिगेशन केले, की तो इपॉक संपताना स्थितीचे छायाचित्र घेतले जाते. तो स्टेक त्यानंतरचा एक इपॉक सोडून पुढच्या इपॉकमध्ये सक्रिय होतो, आणि त्या सक्रिय इपॉकचा मोबदला आणखी दोन इपॉकनंतर हाती येतो. पहिल्या मोबदल्यासाठी १५ ते २० दिवस लागतात ते या साखळीमुळे. त्याआधी एक्सप्लोररवर शून्य दिसत असेल तर काही बिघडलेले नसते.

आता २०२५ चे प्रत्यक्ष उदाहरण घ्या. ५४८ वा इपॉक भारतीय वेळेनुसार २६ मार्चच्या पहाटे सुरू होऊन ३१ मार्चच्या पहाटे संपला आणि तेव्हाच ५४९ वा सुरू झाला. ५४९ व्या इपॉकच्या आरंभी, म्हणजे ३१ मार्चच्या पहाटे, खात्यात आलेला मोबदला ५४७ व्या इपॉकमध्ये कमावलेला होता. ५४८ व्या इपॉकमध्ये कमावलेला मोबदला ५५० व्या इपॉकच्या आरंभी, म्हणजे ५ एप्रिल २०२५ च्या पहाटे, हाती आला. तो कमावला गेला संपूर्णपणे मार्चमध्ये आणि खात्यात आला एप्रिलमध्ये.

यांपैकी कोणती तारीख धरायची हा कराचा प्रश्न आहे आणि तो सनदी लेखापालांवर सोपवावा. आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर लागू आहे, एवढ्या माहितीवर विसंबून मोबदल्याचा हिशेब आपल्या मनाने ठरवणे योग्य नव्हे. आपले काम एवढेच, की लेखापालांना दोन्ही तारखा मिळाल्या पाहिजेत. कोइओसच्या मोबदल्याच्या इतिहासात कमावल्याचा इपॉक आणि खर्चण्याजोगा झाल्याचा इपॉक असे दोन स्वतंत्र रकाने असतात. तक्त्यात ते दोन्ही घ्यावेत आणि त्यांशेजारी भारतीय वेळेतील तारीख लिहावी. ज्या सेवेच्या उत्तरात इपॉकचा एकच रकाना आहे, तेथे तो दोहोंपैकी कोणता हे दस्तऐवजातून तपासूनच पुढे जावे.

३१ मार्चची शिल्लक काढण्यासाठी सक्रिय स्टेकचा इपॉकवार इतिहास मागता येतो, पण येथेही तेच दोन इपॉकचे अंतर आडवे येते. ५४९ व्या इपॉकसमोर दिसणारा सक्रिय स्टेक हा २६ मार्चच्या पहाटेच्या छायाचित्रावर आधारलेला आहे. ३१ मार्चच्या पहाटेचे छायाचित्र ५५० व्या इपॉकसमोर सापडते. त्या पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतच्या सुमारे २१ तासांत काही देवघेव झाली असेल तर ती व्यवहारांच्या यादीतून पाहून मिळवावी किंवा वजा करावी. बहुतेकांच्या बाबतीत त्या काळात काहीच घडलेले नसते आणि काम तेथेच संपते.

वर्ष ३६५ दिवसांचे असते आणि ३६५ ला ५ ने निःशेष भाग जातो, म्हणून लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी मध्ये येईपर्यंत इपॉकची सीमा दरवर्षी त्याच तारखांना येते. २०२६ मध्येही ती ३१ मार्चच्या पहाटेच होती. केवळ क्रमांक ७३ ने वाढून ५४९ ऐवजी ६२२ झाला. ज्यांनी एकदा तक्ता नीट बेतला, त्यांना पुढच्या वर्षी क्रमांकच बदलावे लागतात.

कॉसमॉस हब : तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात

कॉसमॉस हब या ब्लॉकचेनवर (चलन : एटम) सर्व माहिती एका उत्तरात येत नाही. डेलिगेट केलेली रक्कम, सोडवणुकीच्या वाटेवरील रक्कम आणि न काढलेला मोबदला यांसाठी तीन स्वतंत्र विनंत्या कराव्या लागतात. पहिल्या दोन ‘स्टेकिंग’ या विभागाकडे आणि तिसरी ‘डिस्ट्रिब्यूशन’ या विभागाकडे जाते. तिन्हींना लागणारा पत्ता मात्र एकच असतो : ‘कॉसमॉस’ आणि १ यांनी सुरू होणारा आपला नेहमीचा पत्ता. व्हॅलिडेटरचा पत्ता ‘कॉसमॉसव्हॅलोपर’ने सुरू होतो; तो चुकून आपल्या पत्त्याच्या जागी टाकल्यास त्रुटीचा संदेश येतो. मिंटस्कॅनसारखा एक्सप्लोरर या तिन्ही विनंत्या पडद्यामागे करून एकच पान दाखवतो, त्यामुळे तेथे हा भेद जाणवत नाही. स्वतः माहिती मागणाऱ्याला तो जाणवतोच.

पहिल्या उत्तरात प्रत्येक व्हॅलिडेटरसमोर ‘शेअर्स’ आणि ‘बॅलन्स’ असे दोन आकडे येतात. हिशेबासाठी ‘बॅलन्स’ घ्यावा. व्हॅलिडेटरला दंड झालेला असेल तर शेअर्सची संख्या तशीच राहून त्यामागील रक्कम घटते आणि दोन आकडे वेगळे होतात. या जाळ्यावर व्हॅलिडेटरने दुहेरी सही केल्यास (एकाच उंचीच्या दोन वेगळ्या ब्लॉकांवर सही केल्यास) ५ टक्के आणि दीर्घकाळ बंद राहिल्यास ०.०१ टक्का रक्कम कापली जाते, व ती कपात डेलिगेट करणाऱ्यांनाही सोसावी लागते. शेअर्स आणि बॅलन्स जुळत नसतील तर तो उत्तरातील दोष मानू नये. व्हॅलिडेटरचा इतिहास उघडून पाहावा.

सोडवणुकीस २१ दिवस लागतात. समजा, सीवूड्समधील एखाद्याने १५ मार्च रोजी आपली अर्धी रक्कम सोडवण्यास टाकली, तर ३१ मार्च रोजी ती रक्कम पहिल्या उत्तरातही दिसणार नाही आणि खर्चण्याजोग्या शिल्लकेतही दिसणार नाही. ती केवळ ‘अनबाँडिंग’च्या उत्तरात, पूर्ण होण्याच्या यूटीसी वेळेसह, सापडते. ज्या तक्त्यात हा तिसरा कप्पा नाही, त्यात ही रक्कम नाहीशी झाल्यासारखी दिसते. या काळात तिच्यावर मोबदला मिळत नाही, मात्र व्हॅलिडेटरच्या आधीच्या अपराधाचा दंड तिलाही लागू शकतो.

न काढलेल्या मोबदल्याचे उत्तर यूएटमच्या एककात आणि दशांशचिन्हानंतर १८ स्थळांपर्यंत येते. १ एटम म्हणजे १०,००,००० यूएटम. दशांशानंतरचा भाग काढताना मिळत नाही, म्हणून तो सोडून द्यावा. येथे सर्वांत महत्त्वाची बाब अशी, की जाळ्याच्या सद्यस्थितीत केवळ आज काढायचा राहिलेला मोबदला असतो. आजवर किती काढला याची बेरीज कोठेही साठवलेली नसते. आणि मोबदला केवळ ‘काढा’ म्हटल्यावरच येतो असेही नाही : त्याच व्हॅलिडेटरकडे आणखी रक्कम डेलिगेट केली किंवा काही रक्कम सोडवली, तरी साठलेला मोबदला आपोआप खात्यात जमा होतो. त्यामुळे वर्षभराचा मोबदला काढायचा तर केवळ ‘विथड्रॉ रिवॉर्ड’ नावाचे व्यवहार मोजून भागत नाही. डेलिगेशनच्या आणि सोडवणुकीच्या प्रत्येक व्यवहाराच्या घटनानोंदी उघडून त्यांत मोबदल्याची ओळ आहे का, हे पाहावे लागते. काम किचकट आहे, पण दुसरा प्रामाणिक मार्ग नाही.

जुन्या क्षणाची स्थिती मागायची असेल तर विनंतीच्या शीर्षभागात (हेडरमध्ये) त्या क्षणाच्या ब्लॉकची उंची, म्हणजे त्याचा अनुक्रमांक, द्यावी लागते. बहुतेक सार्वजनिक नोड जुनी स्थिती छाटून टाकतात आणि त्रुटी परत करतात. ज्या नोडने संपूर्ण इतिहास राखला आहे अशा ‘आर्काइव्ह’ नोडकडेच ही विनंती पाठवावी. नोड ऐरोली किंवा महापे येथील डेटा सेंटरमध्ये असो वा परदेशात असो, एकाच उंचीसाठी उत्तर तेच यायला हवे. शंका असल्यास दोन नोडांना विचारून पाहणे हा उत्तम पडताळा आहे.

सोलाना : वॉलेटखालची खाती शोधणे

सोलाना या ब्लॉकचेनवर (चलन : सोल) वॉलेटच्या पत्त्यावर स्टेक नसतोच. प्रत्येक डेलिगेशनसाठी स्वतंत्र स्टेक खाते उघडले जाते आणि एक स्टेक खाते एका वेळी एकाच व्हॅलिडेटरला जोडता येते. एकाच व्यक्तीच्या नावावर बँकेत मुदतठेवीच्या अनेक पावत्या असाव्यात, तशी ही रचना आहे. सोलस्कॅनवर किंवा सोलाना एक्सप्लोररवर शोधताना वॉलेटच्या शिल्लकेत स्टेक दिसला नाही म्हणून घाबरू नये. स्टेक खात्यांची यादी वेगळ्या भागात असते.

एपीआयने शोधायचे असल्यास स्टेक प्रोग्रामच्या (स्टेक खाती सांभाळणाऱ्या सोलानावरील आज्ञावलीच्या) मालकीची सर्व खाती मागून त्यांना चाळणी लावतात. खात्याच्या नोंदीत १२ व्या बाइटपासून स्टेकरचा (स्टेक कोणामागे लावायचा हे ठरवणाऱ्याचा) आणि ४४ व्या बाइटपासून विथड्रॉअरचा पत्ता असतो. चाळणी विथड्रॉअरच्या पत्त्यावर लावावी, कारण रक्कम बाहेर काढण्याचा अधिकार त्याचा असतो आणि मालकी त्यावरून ठरते. स्टेकरचा अधिकार दुसऱ्या कोणाला दिलेला असू शकतो. ही विनंती जड असल्याने अनेक मोफत नोड ती नाकारतात किंवा तिच्यावर मर्यादा घालतात.

मोबदला दर इपॉकला थेट स्टेक खात्यात जमा होऊन पुन्हा स्टेक होतो. इपॉक साधारण दोन दिवसांचा असतो. विशिष्ट इपॉकचा मोबदला मागण्यासाठी वेगळी विनंती आहे, पण तिला वॉलेटचा पत्ता न देता स्टेक खात्याचा पत्ता द्यावा लागतो. वॉलेटचा दिल्यास उत्तर रिकामे येते. एकक लॅम्पोर्ट असून १ सोल म्हणजे १,००,००,००,००० लॅम्पोर्ट.

‘डीॲक्टिव्हेशन इपॉक’ या रकान्यात १८४४६७४४०७३७०९५५१६१५ असा प्रचंड आकडा दिसल्यास तो बिघाड नाही. ६४ बिटांत मावणारा तो सर्वांत मोठा पूर्णांक आहे आणि त्याचा अर्थ एवढाच, की खाते बंद करण्याची विनंती अद्याप झालेली नाही. स्प्रेडशीट असे मोठे आकडे गोल करून टाकते, म्हणून तो रकाना मजकूर म्हणूनच आयात करावा.

इथेरियम : व्हॅलिडेटरची नोंद आणि दोन ठिकाणचा मोबदला

हाच प्रचंड आकडा इथेरियमच्या व्हॅलिडेटरच्या ‘एक्झिट इपॉक’मध्येही भेटतो आणि त्याचा अर्थही तसाच असतो. इथेरियमवर विचारणा व्हॅलिडेटरच्या सार्वजनिक चावीने किंवा अनुक्रमांकाने करतात. तो ठाऊक नसेल तर बीकनचा डॉट इन या एक्सप्लोररवर ठेव भरल्याचा किंवा रक्कम परत येण्याचा पत्ता टाकून त्याच्याशी जोडलेले व्हॅलिडेटर शोधता येतात. उत्तरातील ‘बॅलन्स’ ही खरी शिल्लक, तर ‘इफेक्टिव्ह बॅलन्स’ ही मोबदला ठरवण्यासाठी पूर्ण इथरमध्ये धरलेली रक्कम असते. तक्त्यात पहिली घ्यावी. ती ग्वेईमध्ये येते आणि १ इथर म्हणजे १,००,००,००,००० ग्वेई.

मोबदला दोन वाटांनी येतो. साक्षांकन (इतरांच्या ब्लॉकांना दुजोरा देणे) आणि ब्लॉक प्रस्ताव यांचा मोबदला व्हॅलिडेटरच्या शिल्लकेत वाढतो, तर व्यवहारांवरील बक्षिशी ‘फी रिसिपियंट’ म्हणून नेमलेल्या पत्त्यावर थेट जमा होते. एप्रिल २०२३ मधील शापेला सुधारणेनंतर, नेहमीच्या प्रकारच्या व्हॅलिडेटरची ३२ इथरच्या मूळ ठेवीवरील रक्कम ठरावीक कालाने आपोआप परतीच्या पत्त्यावर येते. ती कोणत्याही व्यवहाराद्वारे येत नसल्यामुळे व्यवहारांच्या यादीत सापडत नाही. इथरस्कॅनवर ‘विथड्रॉवल्स’ नावाची स्वतंत्र यादी उघडावी लागते. मे २०२५ मधील पेक्ट्रा सुधारणेने एका व्हॅलिडेटरची प्रभावी शिल्लक २,०४८ इथरपर्यंत वाढू देण्याची मुभा दिली. ज्यांनी हा नवा प्रकार स्वीकारला, त्यांच्याकडे ३२ वरील रक्कम बाहेर न येता आतच साठत राहते, म्हणून त्यांचा मोबदला शिल्लकेतील वाढीवरून काढावा.

उत्तर जपून कसे ठेवावे

पडद्याचे छायाचित्र घेऊन भागवू नये. एपीआयने दिलेले कच्चे उत्तर जसेच्या तसे फाइलमध्ये साठवावे. फाइलच्या नावात जाळ्याचे नाव, पत्त्याची शेवटची सहा अक्षरे आणि भारतीय तारीख घालावी. ज्या ब्लॉकची उंची किंवा ज्या इपॉकचा क्रमांक वापरला तो फाइलशेजारील टिपेत लिहावा. तक्त्यातील आकडे त्या फाइलवरून घ्यावेत, एक्सप्लोररच्या पानावरून हाताने उतरवू नयेत. रुपयांतील किंमत वेगळ्या रकान्यात ठेवून दर कोठून आणि कोणत्या वेळेचा घेतला तेही नोंदवावे, म्हणजे लेखापालांनी दुसरा दर वापरायचे ठरवल्यास मूळ संख्यांना हात लावावा लागणार नाही. एकाच रकमेच्या दोन सेवांकडून आलेल्या उत्तरांत तफावत दिसली, तर प्रथम उंची किंवा इपॉक सारखा आहे का ते पाहावे, मग एकक, आणि त्यानंतर सोडवणुकीच्या वाटेवरील रक्कम किंवा न काढलेला मोबदला एका ठिकाणी धरला आणि दुसऱ्या ठिकाणी वगळला गेला आहे का, हे तपासावे.